रॅमचं सेवापुस्तक

प्रोसेसर पंख्याला चिकटून वर आला, तेव्हा स्वयंपाकघरात वरणाला फोडणी पडत होती. तिकडे 'चर्र' झालं, इकडे 'खट्' झालं. यातला कुठला आवाज घराला महागात पडणार, हे मला लगेच कळलं.

वास्तविक प्रोसेसर असा वर यायचा नसतो. बोर्डावरच्या खोबणीत त्याला बसवून बाजूची बारीक दांडी खाली पाडलेली असते. म्हणजे तो जखडला गेला असं आपण समजायचं. पण त्याच्या डोक्यावर आणि पंख्याच्या ठोकळ्याखाली उष्णता वाहून नेणारा एक राखाडी लेप असतो. सहा वर्षांत तो वाळून डिंक झाला होता. मी चार स्क्रू काढले, ठोकळा सरळ वर ओढला आणि गाजर उपटावं तसा प्रोसेसर मुळांसकट हातात आला. त्याला मुळं १,३३१ असतात. त्यातली कोपऱ्यातली दोन मला वाकून नमस्कार करत होती.

"अहो, काय पडलं?" आतून आवाज आला.

"काही नाही. अपग्रेड चाललंय."

हा संगणक माझा नव्हे, मुलाचा. २०१९ साली त्यानं सुटे भाग आणून तो जोडला, त्यावर दोन वर्षं रात्रंदिवस राक्षस मारले आणि मग तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. राक्षस मेले, संगणक उरला. मी निवृत्त झालो, तेव्हा तो माझ्या वाट्याला आला. त्यावर मी घरगुती समारंभांचे व्हिडिओ कापतो आणि जोडतो. सध्या हातात भाच्याच्या मुलाची मुंज आहे. चार तासांची मुंज चाळीस मिनिटांत बसवायची आहे. मंगलाष्टकांवर कात्री चालवली की संगणक दम खायला बसायचा. भाचा म्हणाला, "मामा, आतला रायझन ५ २६०० आहे, रायझन ७ ५७००एक्स टाका. बोर्ड तोच चालेल."

बोर्ड तोच चालतो, ही या घराण्याची खासियत. एएमडीनं एएम४ नावाची ही खोबण २०१६ साली आणली आणि २०२२ साली आलेला प्रोसेसरसुद्धा तिच्यात बसतो. मधे मे २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं होतं, की आमच्यासारख्या बी४५० बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की त्याच महिन्यात निर्णय फिरवला. परिपत्रक काढायचं आणि ओरड झाली की शुद्धिपत्रक काढायचं, ही पद्धत मला नवी नाही. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे.

पण शुद्धिपत्रकात एक अट होती. नवा प्रोसेसर बसवण्याआधी, जुना जागेवर असतानाच, बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याची मूळ आज्ञावली, अद्ययावत करायचं. नाहीतर बोर्ड नव्या पाहुण्याला ओळखतच नाही. ही अट मी वाचली तेव्हा जुना प्रोसेसर माझ्या डाव्या हातात पंख्याला लटकत होता.

मग शिसं काढलेल्या पेन्सिलीचं पोकळ टोक एकेका वाकलेल्या पिनेवर चढवून, श्वास रोखून, ती सरळ केली. नातवाच्या पायातला काटा काढतानाही माणूस इतका हळवा होत नसेल. जुना परत बसवला. बायोस अद्ययावत केलं. जुना काढला, या वेळी संगणक अर्धा तास चालवून लेप मऊ केला, ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे फिरवला, आणि तो लोण्यासारखा सुटला. नवा बसवला. बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक प्रश्न उमटला. नवा प्रोसेसर दिसतोय, जुन्याच्या काळातल्या गुप्त किल्ल्या पुसू की ठेवू? पुसायच्या असतील तर वाय दाबा, ठेवायच्या असतील तर एन. आयुष्यभर असल्या प्रसंगी मी फायलीवर 'कृपया चर्चा करावी' असं लिहून ती वर पाठवत आलो. इथे वर कुणी नव्हतं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद केली नाही ना? मग वाय दाबा." दाबलं. विंडोज उघडलं. आठ कोअर, सोळा थ्रेड. एकट्यानं एवढा मोठा स्टाफ मी उभ्या नोकरीत सांभाळला नव्हता.

इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण नवी साडी आणल्यावर घडी उलगडून काठ बघावाच लागतो. मी टास्क मॅनेजर उघडला, कोअर मोजले, सुखावलो आणि सहज 'मेमरी'वर क्लिक केलं. उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं: वेग, २१३३.

रॅमच्या खोक्यावर लिहिलं होतं ३२००. पट्टीवरच्या चिकटपट्टीवरही ३२००. पूर्वी संगणकातही ३२०० दिसायचं. मुलगा अभिमानानं दाखवायचा आणि मी "वा" म्हणायचो. म्हणजे प्रोसेसर नवा आला आणि जुन्या मेमरीचा वेग एक तृतीयांशानं उतरला.

आता संशयाचं सत्र सुरू झालं. पहिला संशय त्या दोन वाकड्या पिनांवर. त्या ज्या भोकांतून उपटल्या, त्या भोकांचं काही झालं असेल का? हा संशय मी मनातच ठेवला. घरात बोलण्यासारखा नव्हता. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सीपीयू-झेड नावाचं एक तपासनीस उतरवून घेतलं. ते आणखी तत्पर. ते म्हणालं, मेमरीचा वेग १०६६. दुपारी ३२००, संध्याकाळी २१३३, रात्री १०६६. या गतीनं सकाळपर्यंत मला मेमरी कंपनीला पैसे द्यावे लागले असते.

भाच्यानं समजूत घातली. ही डीडीआर जातीची मेमरी. तिच्या घड्याळाचा ठोका वर जाताना ती एकदा माल देते आणि खाली येताना पुन्हा एकदा. झोपाळ्यावरचं पोर पुढे आलं की एक घास भरवायचा, मागून परत येताना दुसरा, तसं. झोके सेकंदाला १०६६ दशलक्ष, घास त्याच्या दुप्पट. एक यंत्र झोके मोजतं, दुसरं घास मोजतं. दोघंही खरं बोलतात. "म्हणजे २१३३ च आहे, मामा, त्याहून कमी नाही." बुडत्याला हाही आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीला आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि राष्ट्रीय उपचार सांगितला: "रॅम काढा, खोडरबरनं पुसा, परत लावा." या देशात संगणक सुरू होत नसो, बंद होत नसो, त्यातून आवाज येवो किंवा धूर येवो, पहिला उपाय हाच. नटराजचं पांढरं खोडरबर घेऊन मी पट्टीच्या सोनेरी दातांवरून हात फिरवला. दात २८८, खोडरबर अर्धं झालं. पट्ट्या परत लावताना एक सुधारणाही केली. मुलानं चार खोबणींपैकी दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत पट्ट्या लावल्या होत्या. मला ते पडक्या दातांच्या बोळक्यासारखं दिसायचं. मी त्या पहिल्या आणि दुसऱ्या खोबणीत शेजारी शेजारी लावल्या. नीटनेटकं दिसू लागलं.

वेग २१३३ च राहिला, आणि मुंज आणखी रखडू लागली. बटू मातृभोजनाचा घास तोंडापर्यंत नेई आणि तिथेच थांबे.

तेव्हा कळलं, की त्या चार खोबणी म्हणजे दोन रस्ते आहेत. प्रोसेसरपासून मोजलं तर पहिल्या दोन एका रस्त्यावर, पुढच्या दोन दुसऱ्यावर. दोन पट्ट्या दोन रस्त्यांवर असल्या तर माल दोन्हीकडून येतो. मी दोन्ही दुकानं एकाच गल्लीत मांडली होती आणि दुसरा रस्ता मोकळा ठेवला होता. २१३३ च्या वेगानं एका रस्त्यावरून सेकंदाला १७ गिगाबाइट माल जातो, दोन रस्त्यांवरून ३४. म्हणजे माझ्या नीटनेटकेपणानं मी आधीच मंदावलेल्या मेमरीच्या उरलेल्या ताकदीतली निम्मीही काढून घेतली होती. पट्ट्या पुन्हा दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत गेल्या. मुलाची मनातल्या मनात माफी मागितली. बोळक्याला कारण असतं.

पाचव्या दिवशी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते टॅक्सीवाल्याला सांगितलं तर तो विचारतो, "लॅमिंग्टन रोड के पास है क्या?" एका दुकानात काउंटरवरच्या मुलानं माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे पहिलं वाक्य ऐकलं.

"काका, रॅम पुराना हो गया. नया लो."

"अरे, पण यावर ३२०० लिहिलंय."

"तो बोर्ड पुराना है. बोर्ड बदलो."

"नवीन बोर्ड घेतला तर हे सगळं त्यावर बसेल?"

तो प्रामाणिक निघाला. नव्या बोर्डाची खोबण एएम५, म्हणजे चार दिवसांपूर्वी घेतलेला प्रोसेसर बसणार नाही. त्यावर मेमरी फक्त डीडीआर५, म्हणजे या पट्ट्याही बसणार नाहीत. थोडक्यात, मेमरीचा वेग वाढवायला मेमरीसकट सगळं बदलायचं. पेटीचं पत्र्याचं खोकं तेवढं जुनं राहील. दरवाजाची कडी लागत नाही म्हणून घर पाडायला सांगणारा बिल्डर आमच्या सोसायटीनंही पाहिला आहे. मी तिथून उष्णतेच्या लेपाची एक छोटी ट्यूब घेतली, कारण रिकाम्या हातानं डोंबिवली गाठणं बरं दिसत नाही.

परतीच्या गाडीत भाच्याचा फोन आला. "मामा, एक साधं विचारायचं राहिलं. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलंत ना?"

मी म्हटलं, "अरे, चालू असणारच. मुलानं केलं होतं ना."

पलीकडे शांतता पसरली. डॉक्टर अहवालाकडे पाहून चष्मा काढतात ना, तसली.

त्या शांततेनंतर भाच्यानं जे सांगितलं, ते ऐकता ऐकता मला समोरची खिडकी, बाहेरचं कुर्ला, काहीच दिसेना. माझं जुनं कार्यालय दिसू लागलं.

रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी चिप असते. डीडीआर४ मध्ये तिची जागा अवघी ५१२ बाइट. एवढ्यात आमच्याकडचा रजेचा अर्जही मावला नसता. त्या चिपमध्ये पट्टीची सगळी नोंद असते: क्षमता किती, बांधणी कशी, कुठल्या वेगाला कुठली शिस्त. म्हणजे सेवापुस्तकच. त्यातली पहिली पानं जेडेक या संस्थेच्या नियमांप्रमाणे भरलेली असतात. डीडीआर४ चालवणारा जगातला कुठलाही बोर्ड, कुठलाही प्रोसेसर या नियमातल्या वेगानं तुम्हाला चालवून घेईल, ही हमी. आमच्या पट्टीच्या त्या पानावर लिहिलं होतं २१३३. आणि ३२००? ते मागच्या पानावर, विशेष प्रावीण्य या सदरात. ते सदर म्हणजे एक्सएमपी. इंटेलनं ते २००७ मध्ये काढलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात ते मागच्या पानावरचं. बोर्ड आपणहून वाचतो ते पहिल्या पानावरचं.

आणि साहेब बदलला की सेवापुस्तक पहिल्या पानापासून उघडलं जातं.

पूर्वीच्या संगणकात मेमरीवर देखरेख ठेवणारा बोर्डावर वेगळा बसायचा, आमच्या भांडारपालासारखा. एएमडीनं २००३ साली आणि इंटेलनं २००८ साली ते काम प्रोसेसरच्याच पोटात घातलं. त्यामुळे प्रोसेसर बदलला की मेमरीचा साहेबच बदलतो. त्यात मी बायोस अद्ययावत केलं, म्हणजे आधीच्या साहेबांचे सगळे तोंडी आदेश रद्द झाले. नवे साहेब खुर्चीत बसले. समोर कोण आहे, कितपत झेपतं, काही माहीत नाही. अशा वेळी शहाणा अधिकारी नियमावर बोट ठेवतो. आधी निदान पडदा उजळू दे, मग बघू. मेमरी बिचारी उभी राहिली आणि नियमात बसेल तेवढं करू लागली. ती मंद झाली नव्हती, आजारी नव्हती, मळलेली तर नव्हतीच. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मला हे दुखलं, याला कारण आहे. मी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस. पहिल्या साहेबांनी ते सेवापुस्तकात पाहिलं होतं. ते येरझाऱ्या घालत तोंडी मजकूर सांगत आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत माझ्या यंत्राची घंटी वाजे. मग त्यांची बदली झाली. नवे साहेब आले त्या आठवड्यात आवक-जावकचा माणूस रजेवर होता, म्हणून मी तिथे तात्पुरता बसलो होतो. साहेबांनी विचारलं, "तुम्ही काय बघता?" मी म्हटलं, "सध्या आवक-जावक." 'सध्या' हा शब्द त्यांना ऐकू गेला नसावा. मी अकरा वर्षं टपालावर शिक्के मारले. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी पहिलं पान वाचलं. आणि माझाही गुण नव्हता. मीही मागचं पान उघडून दाखवलं नाही. शिक्के मारण्यात एक शांतता असते, ती एकदा लागली की सुटत नाही. मुळात ४० ची सवय असलेला हात पुढे २७ वर समाधानी झाला. ३२०० चे २१३३ होतात तेव्हा प्रमाण नेमकं हेच पडतं. मी गाडीत बसल्या बसल्या भागाकार करून पाहिला.

घरी येऊन बायोस उघडलं. एक्सएमपी नावाची गोष्ट कुठेच नव्हती. अर्धा तास मी पानं उलटत होतो. मग कळलं, की मूळ नाव इंटेलचं, म्हणून एएमडीच्या बोर्डांवर जो तो आपापलं नाव ठेवतो. कुणी एक्सएमपीच म्हणतो, कुणी त्याच्याआधी ए लावतो, तर आमच्या बोर्डावर त्याचं नाव डीओसीपी. म्हणजे मी पाच दिवस ज्याच्या दारावरून जात होतो, त्याच्या पाटीवर आडनाव होतं आणि मी नाव शोधत होतो. तिथे 'ऑटो' लिहिलं होतं. मी ते बदलून डीओसीपी केलं. लगेच खाली ३२०० आणि १६-१८-१८-३८ असे आकडे उमटले. एफ१० दाबून जतन केलं.

पडदा काळा झाला. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला.

"गेला का?" बायको दारात उभी होती.

"नाही. प्रशिक्षण चाललंय."

हे मी थाप मारली नव्हती. नवा वेग मिळाला की प्रोसेसर आणि मेमरी आधी काही क्षण एकमेकांचा अंदाज घेतात. किती व्होल्टवर, किती उशिरानं हाक मारली तर 'ओ' येते, ते जुळवून बघतात. नाही जुळलं तर सोडून पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी पडदा काळाच असतो आणि घाबरून बटण बंद करणाऱ्यांची संख्या मोठी असते. बायको वाट बघत उभी राहिली, म्हणून मी तिला ज्ञान द्यायला घेतलं. म्हटलं, या मेमरीतला एकेक कण म्हणजे गळकी घागर. रॉबर्ट डेनार्ड नावाच्या माणसाला १९६८ साली हिचं पेटंट मिळालं, तेव्हापासून गळकीच. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांनी प्रत्येक घागर पुन्हा भरावी लागते, नाहीतर ती सगळं विसरते. सेकंदाला पंधरा वेळा आठवण करून द्यावी लागते.

"मग मी फारच कमी वेळा सांगते," ती म्हणाली.

तिसऱ्या फेरीत पडदा उजळला. टास्क मॅनेजर, मेमरी, उजवा कोपरा: ३२००. दोन रस्त्यांवरून सेकंदाला ५१ गिगाबाइट. शिवाय या घराण्यात प्रोसेसरच्या आतला अंतर्गत रस्ताही मेमरीच्या ठोक्याशी जोडलेला असतो, म्हणजे तोही आपोआप वेगात. रात्रभर मेमरीची परीक्षा लावून ठेवली. सकाळी निकाल: चुका शून्य. एवढा स्वच्छ अहवाल माझ्या टेबलाच्या तपासणीत कधी आला नव्हता.

आता मुंजीचं बोला. खोडरबरच्या दिवशीपेक्षा कागदावर माल तिप्पट वाहू लागला होता, म्हणून मी घड्याळ लावून व्हिडिओ तयार करायला टाकला. सुरुवातीच्या २१३३ पेक्षा एक मिनिट दहा सेकंद वाचले. व्हिडिओच्या कामाचा मुख्य भार प्रोसेसरच उचलतो. त्याच्या पोटात ३२ मेगाबाइटचा स्वतःचा खिसा आहे, त्यामुळे तो ऊठसूट मेमरीकडे हात पसरत नाही. हे मला आधी ठाऊक असतं, तर मी सत्तर सेकंदांसाठी दादरला गाडी बदलली नसती. एकूण नऊ दिवस गेले. या हिशेबानं घालवलेला वेळ वसूल व्हायला अकरा हजारांहून जास्त मुंजी लागतील. आमच्या नात्यात तेवढे बटू नाहीत.

तरीही मी तो आकडा रोज एकदा उघडून बघतो. ३२००. तिच्या मागच्या पानावर लिहिलेलं कुणीतरी वाचलं, एवढंच.

हे सगळं मी बायकोला जरा भरल्या गळ्यानं सांगितलं. सेवापुस्तक, आवक-जावक, ४० शब्द, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे अंगात वेग असतो, पण सांगितल्याशिवाय निघत नाही."

"अगदी बरोबर."

"आणि तुम्हाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. म्हणजे तुमचा साहेबही बदललाय."

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

"मग उठा. गणपती पंधरा दिवसांवर आलेत. माळ्यावरचं मखर काढायचंय."

मी उठलो. गुडघ्यातून आवाज आला, खाली बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो.

"काय झालं?"

"थांब जरा," मी म्हटलं. "प्रशिक्षण चाललंय."